मारला, मेला की मसणात गेला? मॅजिकच्या पत्त्यांचे अडलेले प्रश्न

वेचणी | रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. संध्याकाळी ग्रामपंचायतीचं वाचनालय उघडायचं काम माझ्याकडे आहे. मागच्या दिवाळीत माझा भाचा पुण्याहून आला तेव्हा 'मॅजिक: द गॅदरिंग'च्या पत्त्यांचा एक खोका वाचनालयात ठेवून गेला. तेव्हापासून दर रविवारी दुपारी सातवी ते बारावीतली नऊ पोरंपोरी चटईवर बसून खेळतात. मेंढीकोट सगळ्यांना येतच होता, त्यामुळे पत्ते पिसायला आणि हातात धरायला शिकवावं लागलं नाही. बाकी सगळं शिकावं लागलं, मलासुद्धा.

आमच्याकडचे शब्द आधी सांगते. लँडला, म्हणजे बाकीचे पत्ते टाकायची ताकद (माना) देणाऱ्या पत्त्याला, पोरं 'वावर' म्हणतात, एका बारीत एकच वावर. टॅप म्हणजे पत्ता वापरला हे दाखवायला तो 'आडवा करणं'. ग्रेव्हयार्डला, म्हणजे वापरून झालेल्या आणि गेलेल्या पत्त्यांच्या ढिगाला, 'मसण'. स्टॅकला, म्हणजे टाकलेल्या पण अजून परिणाम न झालेल्या पत्त्यांच्या रांगेला, 'थप्पी', कारण पोत्यांची थप्पी सगळ्यांनी पाहिलेली आहे आणि वरचं पोतं आधी उतरतं हे कुणाला सांगावं लागत नाही. आणि क्रीचर, म्हणजे लढायला पटावर ठेवलेला पत्ता, कशानंही पटावरून गेलं तरी 'मारलं'.

आता प्रश्न. मागच्या रविवारी एका मुलाचा टार्मोगॉयफ पटावर होता. ज्यांना हा पत्ता माहीत नाही त्यांच्यासाठी: सगळ्यांच्या मसणात मिळून पत्त्यांचे जितके प्रकार असतील तितकी त्याची पॉवर (तो किती डॅमेज देतो), आणि टफनेस (किती डॅमेजनं तो जातो) त्याहून एक जास्त. त्या वेळी दोघांच्या मसणात मिळून लँड आणि क्रीचर हे दोनच प्रकार होते. म्हणजे तो २/३ होता, पॉवर दोन, टफनेस तीन. समोरच्या मुलीनं त्याच्यावर लायटनिंग बोल्ट हा इन्स्टंट प्रकारचा पत्ता टाकला, तीन डॅमेज.

मुलगा म्हणाला, "ताई, बोल्ट मसणात गेला का इन्स्टंट हा तिसरा प्रकार झाला. माझा ३/४ झाला, वाचते तो." मुलगी म्हणाली, "डॅमेज लागलं तेव्हा तो तीनचाच होता. तो आधी मेला, बोल्ट मागून मसणात गेला." मला तिचं पटलं. मी सांगितलं, मेला. मुलानं पत्ते गोळा केले, रबर लावलं आणि काही न बोलता निघून गेला. आज तो आला नाही.

माझा निकाल बरोबर होता का? चुकला असेल तर नेमका कुठं, हे मला त्याला जाऊन सांगायचं आहे. आमच्याकडे दुपारी वीज असेलच असं नाही, नेटवर्क त्याहून बेभरवशाचं. म्हणून कागदावर उतरवून घेता येईल असं उत्तर हवंय.

तर्रीपोहे | रविवार, रात्री ९.४१

ताई, पोट्टा बरोबर होता. टार्मोगॉयफ वाचते.

नियमाचा आकडा बाकीचे सांगतीलच, मी फक्त बाजार समितीतला काटा आठवून देतो. हमाल पोतं काट्यावर टेकवून राहिला असते तवा आकडा हालतच असते. मापारी तवा वजन बोलत नाही. पोतं पुरं ठेवलं, हमालानं हात काढला, काटा थांबला, मंग तो आकडा बोलते. क्रीचर वाचलं का गेलं हे या खेळात असंच पाहातात. बोल्टचं काम पुरं झाल्यावर. अन् बोल्टचा पत्ता मसणात ठेवणं हे त्याच कामाचा शेवटचा भाग आहे.

बारकावा | रविवार, रात्री १०.२५

तर्रीपोहे यांच्या काट्यात मला काही दुरुस्त करण्यासारखं सापडलं नाही. तरी कागदावर उतरवायचं आहे म्हणून क्रमानं लिहितो.

बोल्टचा परिणाम सुरू झाला की पत्त्यावर लिहिलेलं वाक्य अमलात येतं: तीन डॅमेज. ते डॅमेज टार्मोगॉयफवर नोंदलं जातं, बस. त्या क्षणी कुणी मरत नाही. डॅमेज ही क्रीचरवर लिहून ठेवलेली उधारी आहे असं समजा. मग त्याच कामाचा शेवटचा टप्पा म्हणून बोल्टचा पत्ता मालकाच्या मसणात जातो. इथं बोल्टचं काम संपलं. यानंतर, कुठल्याही खेळाडूला काही करायची संधी मिळायच्या आधी, खेळ स्वतः एकदा पट तपासतो. या तपासणीला नियमात 'स्टेट-बेस्ड ॲक्शन्स' म्हणतात आणि तो सबंध भाग ७०४ क्रमांकाखाली आहे. कुणाचं आयुष्य शून्यावर आलं आहे का, कुठल्या क्रीचरचा टफनेस शून्य झाला आहे का, कुणावर टफनेसइतकं डॅमेज साचलं आहे का, हे सगळं एकदमच पाहिलं जातं.

या तपासणीच्या वेळी बोल्ट मसणात पोचलेला आहे. प्रकार तीन: लँड, क्रीचर, इन्स्टंट. टार्मोगॉयफ ३/४, उधारी तीन. वाचला.

तुमचा निकाल चुकला तो 'आधी मेला' या शब्दांपाशी. बोल्टच्या कामाच्या मध्ये मरण्याला जागाच नाही. मुलीचा तर्क मात्र अजिबात टाकाऊ नव्हता, बहुतेक जण पहिल्यांदा असाच विचार करतात.

टार्मोगॉयफ पहिल्यांदा आला २००७ साली, 'फ्यूचर साइट' या संचात. त्या पत्त्यावरच्या कंसात सगळे प्रकार छापलेले होते आणि त्यात प्लेन्सवॉकर हा प्रकारही होता. तेव्हा प्लेन्सवॉकरचा एकही पत्ता निघालेला नव्हता. लोकांना त्या शब्दावरूनच पहिल्यांदा कळलं की असं काहीतरी येणार आहे.

वेचणी | रविवार, रात्री १०.५०

दोघांचे आभार. उद्या सकाळी त्याच्या घरी जाते. सध्या कपाशीची वेचणी चालू आहे, त्यामुळे तो वावरात असेल, तिथं जाईन.

तो विचारेलच म्हणून दोन गोष्टी आत्ताच विचारून ठेवते. त्याच बारीत तिनं दुसरा बोल्ट टाकला तर? आणि बोल्टनंतर कुणी मसणातले पत्तेच काढून टाकले तर?

बारकावा | रविवार, रात्री ११.०५

दुसऱ्या बोल्टनं जाईल. इन्स्टंट हा प्रकार आधीच मसणात आहे, दुसरा इन्स्टंट आल्यानं प्रकार वाढत नाहीत. ३/४ वर सहा डॅमेज.

मसण रिकामं केलं तरी जाईल, जर ते त्याच बारीत केलं तर. उधारी बारीच्या शेवटापर्यंत राहते. टार्मोगॉयफ क्षणोक्षणी मसणाकडे बघत असतो, त्यामुळे प्रकार कमी झाले की टफनेस लगेच उतरतो, आणि पुढच्या तपासणीत तीनची उधारी त्याला पुरून उरते. बारी संपताना साचलेलं डॅमेज आणि 'बारीच्या शेवटापर्यंत' असे परिणाम दोन्ही एकाच वेळी पुसले जातात. हे 'एकाच वेळी' फार महत्त्वाचं आहे. २/२ च्या क्रीचरवर जायंट ग्रोथ टाकून ते ५/५ केलं, त्यानं तीन डॅमेज झेललं, तर बारी संपताना ग्रोथ आधी उतरली आणि डॅमेज मागे राहिलं असं होत नाही.

जुना_गडी | सोमवार, सकाळी ६.३०

धागा वाचून फार बरं वाटलं. आमच्या घरी १९९७ च्या सुमाराला मावसभावानं बाहेरदेशातून एक खोका आणला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत, बाहेर झळा चालू असताना, आम्ही चौघं भाऊ ओसरीत खेळायचो. यानिमित्तानं एक सांगतो, पोरांना उपयोगी पडेल: समोरच्याचं क्रीचर आपल्या हल्ल्याला आडवं आलं, म्हणजे त्यानं ब्लॉक केलं, की मग आपण काही करून ते टॅप करायचं. टॅप झालेला ब्लॉकर उलट डॅमेज देत नाही. ही आमची ठेवणीतली युक्ती होती.

तर्रीपोहे | सोमवार, सकाळी ८.१५

गडीभाऊ, तुमच्या काळात ते खरंच तसं होतं. १९९९ साली सिक्स्थ एडिशनसोबत नियम नव्यानं मांडले, तवा ते गेलं. आता ब्लॉकर टॅप झाला तरी डॅमेज देते. स्टॅक, म्हणजे ताईच्या पोट्ट्याईची थप्पी, तीबी त्याच वेळी आली. त्याच्या आधी इंटरप्ट नावाचा वेगळाच प्रकार होता, तुमच्या जुन्या पत्त्यावर छापलेला असन.

जुना_गडी | सोमवार, सकाळी ८.४०

हो, काउंटरस्पेलवर, म्हणजे समोरच्याचा पत्ता थांबवणाऱ्या पत्त्यावर, इंटरप्टच छापलंय. आत्ता काढून पाहिलं. म्हणजे पत्त्यावर जे छापलंय ते आता चालत नाही?

बारकावा | सोमवार, सकाळी ९.०२

पत्ता चालतो, छापील शब्द जुने झालेत. प्रत्येक पत्त्याचा सध्याचा अधिकृत मजकूर असतो, त्याला ओरॅकल टेक्स्ट म्हणतात. वाद झाला तर तो मजकूर धरायचा, छापील नाही. त्या मजकुरात तुमचा काउंटरस्पेल इन्स्टंट आहे.

खेळ १९९३ साली रिचर्ड गारफील्ड यांनी आणला तेव्हापासून नियम अनेकदा बदलले आहेत. मोठे बदल म्हणाल तर १९९९ चा, मग २००९ चा. २००९ मध्ये लढाईचं डॅमेज थप्पीवर ठेवणं बंद झालं आणि न वापरलेल्या 'माना'मुळे (वावरातून मिळालेल्या ताकदीमुळे) आयुष्य कमी होणंही बंद झालं. अलीकडे २०२४ च्या शेवटी 'फाउंडेशन्स'सोबत आणखी एक: एका क्रीचरला अनेकांनी ब्लॉक केलं तर आधी ब्लॉकरांची रांग ठरवावी लागायची, ती आता लावावी लागत नाही. डॅमेज वाटायच्या वेळी हवं तसं वाटा. आंतरजालावरची जुनी उत्तरं वाचताना तारीख बघा एवढंच सांगतो.

संत्राबाग | सोमवार, दुपारी १.२०

मी वरूडकडचा. माझी मुलगी खेळते, मी तिच्याबरोबर शिकतोय. आमच्याकडेही एक भांडण मिटायचं राहिलंय.

तिच्याकडे डार्कस्टील मिर आहे, ०/१, आणि तो इन्डिस्ट्रक्टिबल. आम्ही घरी त्याला 'अमर' म्हणतो. तिच्या मैत्रिणीनं त्याच्यावर डिसफिगर टाकला, म्हणजे बारी संपेपर्यंत -२/-२. मैत्रीण म्हणते गेला. मुलगी म्हणते अमर आहे, मरूच शकत नाही. दोघी माझ्याकडे बघतात आणि मी संत्र्याच्या पेट्यांकडे बघतो. काय सांगू?

बारकावा | सोमवार, दुपारी १.४५

गेला. इन्डिस्ट्रक्टिबल म्हणजे दोनच गोष्टी: 'डिस्ट्रॉय करा' असं म्हणणाऱ्या पत्त्यानं तो जात नाही, आणि साचलेल्या डॅमेजनं जात नाही. टफनेस शून्य किंवा त्याखाली आला तर खेळ त्याला डिस्ट्रॉय करत नाही, नुसता उचलून मसणात ठेवतो. ०/१ उणे दोन म्हणजे टफनेस -१. त्याला वाचवणारा शब्द इथं लागूच होत नाही.

वेचणी | सोमवार, रात्री ८.३०

संत्राबाग, तुमचा प्रश्न वाचून मला दिवसभर एकच गोष्ट सुचत होती. तुमच्या घरातलं भांडण 'अमर' या शब्दानं लावलं. आमच्याकडची निम्मी भांडणं 'मारलं' या शब्दानं लावली.

बघा. इंग्रजीत पत्त्यावर 'डिस्ट्रॉय' आणि 'इन्डिस्ट्रक्टिबल' हे एकाच घरातले शब्द आहेत. वाचणाऱ्याला आपोआप कळतं की हा त्याच्यावरचा उतारा आहे. आपण डिस्ट्रॉयला 'मारणं' म्हटलं आणि इन्डिस्ट्रक्टिबलला 'अमर'. आता अमर म्हणजे जो मरत नाही तो. लेकराचा काय दोष? शब्दानंच तिला सांगितलं की हा मरणार नाही.

आमच्या पोरांपैकी दोघांना इंग्रजी नीट वाचता येतं. बाकीची सात जणं त्या दोघांच्या तोंडाकडे बघतात. पत्ता काय म्हणतो ते त्या दोघांनी सांगायचं आणि बाकीच्यांनी मानायचं. मला हे फार खुपतं. ज्याचा टार्मोगॉयफ मी मसणात पाठवला तो त्या सातांतला आहे. तो पत्ता शब्दशः वाचू शकला नसेल, पण खेळ कसा चालतो हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळलं होतं. मी इंग्रजी वाचणाऱ्या मुलीचं ऐकलं.

म्हणून मला प्रत्येक शब्दाला एकच मराठी शब्द ठरवून तक्ता करायचाय, भिंतीवर लावायला. मदत करा.

(आज सकाळी वावरात गेले होते. तो आईबरोबर वेचत होता. मी सांगितलं, तू बरोबर होतास, मी चुकले. तो म्हणाला, "हाव ताई, मले माहीत होतं." आणि वेचत राहिला. रविवारी येईन म्हणाला.)

सातपुड्याचा_पायथा | सोमवार, रात्री ९.१०

शिक्षक म्हणून सांगतो, तुम्ही मुळालाच हात घातलात. माझे शब्द: डिस्ट्रॉयला 'नाश', इन्डिस्ट्रक्टिबलला 'अविनाशी'. दोन्हीत 'नाश' ऐकू येतो, घर एकच राहतं.

सॅक्रिफाइसला, म्हणजे आपलंच क्रीचर स्वतः मसणात देण्याला, 'बळी', तो सगळ्यांना समजतो. एक्झाइलला, म्हणजे पत्ता खेळाबाहेर काढण्याला, 'हद्दपार', कारण हद्दपार झालेला मसणात नसतो हेही त्यातच आलं. आणि 'मारणं' हा शब्द तक्त्यावर नकोच.

तर्रीपोहे | सोमवार, रात्री ९.३५

'मारणं' नको, पण 'मरणं' ठेवा. नियमात डाइज म्हणजे पटावरून मसणात गेला, कशानंही असो. नाशानं गेला, बळी दिला, टफनेस शून्य झाला, तिन्ही वेळेस 'मेला'च. म्हणून 'मेल्यावर अमुक होते' असा पत्ता असन तर डार्कस्टील मिर डिसफिगरनं गेल्यावरबी तो ट्रिगर होते, म्हणजे आपोआप चालू होते. हद्दपार झाला तर मात्र मेला नाही.

म्हणजे कसा गेला ते वेगळं सांगा, अन् गेला हे वेगळं. दोन प्रश्न आहेत, आपण एकाच शब्दात कोंबून राहिलो होतो.

वेचणी | सोमवार, रात्री ९.५०

हे फार सुंदर आहे. लिहून घेतलं.

एका ठिकाणी मात्र आपली बोली इंग्रजीपेक्षा सोपी पडते. इंग्रजीत काउंटर या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत: स्पेल, म्हणजे समोरच्यानं टाकलेला पत्ता, थांबवणं, आणि पत्त्यावर ठेवायची खूण. भाचा शिकवायचा तेव्हा यावरच गोंधळ व्हायचा. आमची पोरं पहिल्याला 'रद्द' म्हणतात आणि दुसऱ्याला 'चिंचोका', कारण +१/+१ ची खूण म्हणून ती चिंचोकेच ठेवतात. -१/-१ साठी सीताफळाच्या बिया.

बारकावा | सोमवार, रात्री १०.१५

चिंचोके आणि सीताफळाच्या बिया एकाच क्रीचरवर आल्या तर जोडीजोडीनं दोन्ही काढून टाका. एक चिंचोका आणि एक बी एकमेकांना खातात, तेही त्याच ७०४ च्या तपासणीत. नुसता हिशेब जुळतो म्हणून दोन्ही तसंच ठेवायचं नाही, कारण 'यावर +१/+१ ची खूण आहे का' असं विचारणारे पत्ते आहेत.

संत्राबाग | मंगळवार, सकाळी ७.००

मुलीला 'अविनाशी' समजावलं. दोन मिनिटं गप्प बसली, मग म्हणाली, "बाबा, म्हणजे टफनेस वाढवून ठेवला असता तर वाचला असता." मिर दिला मसणात.

आता तिचा पुढचा प्रश्न 'बळी' वर. व्हिलेज राइट्स या पत्त्यात एक क्रीचर बळी द्यायचं आणि दोन पत्ते ओढायचे. मैत्रिणीनं तिच्या क्रीचरवर बोल्ट टाकला. हिनं उत्तरादाखल त्याच क्रीचरचा बळी देऊन व्हिलेज राइट्स टाकला. मैत्रीण म्हणते, थांब, माझा बोल्ट आधी टाकलाय, आधी तो लागेल, मग बळी द्यायला क्रीचर उरणारच नाही.

तर्रीपोहे | मंगळवार, सकाळी ८.०५

बळी इथं किंमत आहे भाऊ. पत्ता टाकतानाच चुकवायची. दुकानात पैसे गल्ल्यात पडले का मंग माल मिळते, तसं. क्रीचर व्हिलेज राइट्स टाकतानाच मसणात गेलं, त्याच्या मधात कोणाले हात घालता येत नाही.

मंग थप्पीवर खाली बोल्ट, वर व्हिलेज राइट्स. वरचं पोतं आधी: पोरीनं दोन पत्ते ओढले. मंग बोल्टची बारी आली तं त्याचं लक्ष्यच गायब. बोल्टचं काहीच होत नाही, तो तसाच मसणात.

मैत्रीण जर काउंटरस्पेलवाली असती अन् तिनं व्हिलेज राइट्स रद्द केला असता, तरीबी क्रीचर वापस येत नाही. किंमत गेली ते गेली. पोरीले हे आधी सांगून ठेवा, मंग जीव जळते.

सातपुड्याचा_पायथा | मंगळवार, रात्री ९.२०

थप्पीवरून मला एक प्रसंग विचारायचा आहे, माझ्या वसतिगृहातल्या दोन मुलांचा. दोघांकडे ब्लड आर्टिस्ट. कुठलंही क्रीचर मेलं की ब्लड आर्टिस्टचा मालक एका खेळाडूचं एक आयुष्य कमी करतो आणि स्वतःचं एक वाढवतो. दोघांचंही आयुष्य एकच उरलेलं. ज्याची बारी होती त्यानं समोरच्याचं एक छोटं क्रीचर घालवलं. दोघांचे ब्लड आर्टिस्ट एकदमच जागे झाले. बारी ज्याची, तो म्हणाला, माझी बारी आहे, माझा आधी, मी जिंकलो. मला ते बरोबर वाटलं, पण तुमची थप्पी वाचल्यापासून शंका आहे.

बारकावा | मंगळवार, रात्री ९.४५

शंका रास्त आहे. त्याचा आधी हे खरं, पण आधी थप्पीवर जातो तो, आणि आधी गेलेलं पोतं तळाला. ज्याची बारी त्याचे ट्रिगर आधी ठेवायचे, समोरच्याचे त्यावर. मग वरून उतरवायचं. म्हणजे समोरच्याच्या ब्लड आर्टिस्टचा परिणाम आधी होतो: त्याचं आयुष्य दोन, बारीवाल्याचं शून्य. लगेच पट तपासला जातो आणि बारीवाला हरतो. त्याचा स्वतःचा ट्रिगर थप्पीच्या तळाशीच राहिला.

मधल्या वेळात त्याला काही इन्स्टंट टाकून स्वतःला वाचवता आलं असतं. ते नव्हतं तर त्यानं ते क्रीचर आपल्या बारीत घालवायलाच नको होतं. समोरच्याच्या बारीत तेच केलं असतं तर तो जिंकला असता.

सातपुड्याचा_पायथा | मंगळवार, रात्री १०.००

म्हणजे निकाल उलटा लागायला हवा होता. उद्या प्रार्थनेनंतर दोघांना बोलावतो. हरलेला मुलगा फार शांत आहे, तो पुन्हा विचारणार नाही. मलाच सांगायला हवं.

गॉयफवाला | शुक्रवार, रात्री ८.१०

मी तोच, ज्याचा टार्मोगॉयफ होता. ताईनं खातं उघडून देलं, त्यायच्याच फोनवरून लिहून राहिलो.

सगळ्यायनं बरोबर सांगतलं. मी पत्त्यावरचं पुरं वाचलं नव्हतं, मी फक्त इचार केला का बोल्टचा पत्ता आता हातात बी नाही अन् पटावर बी नाही, मंग मसणातच असन. अन् मसणात असन तं मोजाच लागन. येवढंच.

माझा एक प्रश्न आहे. टायफॉइड रॅट्स १/१ आहे, डेथटच आहे, म्हणजे ज्याले थोडंबी डॅमेज देते तो जाते. त्याले मी रँकर लावला तं पॉवर दोननं वाढते अन् ट्रँपल भेटते. आता ३/१. समोरच्यानं ५/५ नं ब्लॉक केलं. ट्रँपलमधी ब्लॉकरले पुरेल येवढं द्या अन् उरलेलं खेळाडूले. पाच लागतात, माझ्यापाशी तीनच आहे. मंग खेळाडूले काहीच नाही का?

तर्रीपोहे | शुक्रवार, रात्री ८.३२

शाबास पोट्ट्या, लय चांगला प्रश्न. तू आधी हे सांग: डेथटचवाल्याले त्या ५/५ चा नाश कराले किती डॅमेज पुरते?

गॉयफवाला | शुक्रवार, रात्री ८.३६

एक.

एक ब्लॉकरले अन् दोन खेळाडूले!

बारकावा | शुक्रवार, रात्री ८.५०

बरोबर. आणि पाचच्या जागी नऊचा ब्लॉकर असता तरी उत्तर हेच. फक्त ब्लॉकर अविनाशी असेल तर एवढं लक्षात ठेव: वाटणी तशीच होते, एक त्याला आणि दोन खेळाडूला, पण तो ब्लॉकर पटावर राहतो. आणि तुझ्या उंदराचा टफनेस एकच आहे, तो मसणात जाईल. रँकर मात्र तुझ्या हातात परत येईल.

वेचणी | रविवार, रात्री ८.४५

आज आठ जणं आली, एकजण वेचणीला थांबला. तक्ता भिंतीवर लागलाय: नाश, अविनाशी, बळी, हद्दपार, रद्द, चिंचोका, थप्पी, आणि तळाशी मोठ्या अक्षरात 'मेला = पटावरून मसणात, कशानंही'. नियमांची मजकुराची फाइल फुकट मिळते, ती उतरवून घेतली, आणि ७०४ ची पानं छापून पुठ्ठ्यावर चिकटवली.

त्या दिवशी मी पटाचा फोटो काढलेला होता, रबर लावायच्या आधीचा. दोघांना विचारलं, तिथूनच पुढं खेळाल का? दोघं हो म्हणाली. हातातले पत्ते एकमेकांना आठवून सांगितले, गड्डी नव्यानं पिसली. बोल्ट मसणात, टार्मोगॉयफ ३/४, त्याच्यावर तीन ज्वारीचे दाणे, उधारीचे.

मुलीच्या हातात डिसफिगर होता. एक वावर उभं होतं, ते आडवं केलं आणि टाकला. तो १/२ झाला. मी काही बोलले नाही. तिनं त्यालाच विचारलं, "हा नाश, का टफनेस शून्य?"

त्यानं दाणे मोजले. "टफनेस दोन आहे, उधारी तीन. नाश." आणि त्यानं स्वतः उचलून टार्मोगॉयफ मसणात ठेवला.